खर्जाला वाचा कशी फुटली

तंबोऱ्याच्या चार तारांपैकीं जी सर्वांत जाड असते ती खर्जाची तार. मैफल रंगांत आली म्हणजे श्रोते गवयाच्या तानेला दाद देतात, तबलजीच्या हाताची वाहवा करतात; खर्जाच्या तारेकडे कोणाचेंच लक्ष नसतें. परंतु ती तार मैफलीच्या मध्यावर उतरली तर काय होतें हें ज्यानें एकदां ऐकलें असेल, त्याला तिचें मोल निराळें सांगावें लागत नाहीं. गळा तोच असतो, स्वरही तेच असतात. पण त्यांच्या पायाखालची जमीन सरकल्यासारखें वाटतें. पाश्चात्य वाद्यवृंदांत हें पायाभूत काम 'डबल बास' या वाद्याकडे असे. माणसाहून उंच, उभें धरून बोटांनीं किंवा गजानें वाजवावयाचें असें हें वाद्य आहे. त्याचा वादक बहुधा मागच्या रांगेंत उभा राही, आणि त्याची कामगिरी अशी कीं, ती बंद पडली म्हणजेच लोकांच्या ध्यानांत यावी.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अमेरिकेंतील नृत्यसंगीताचे वाद्यवृंद मोठे होत गेले. तुताऱ्या, सॅक्सोफोन आणि ढोल यांचा गजर वाढला, आणि त्या गजरांत डबल बासचा आवाज बुडूं लागला. हा दोष वादकाच्या हाताचा नव्हता. या वाद्याच्या सर्वांत खालच्या तारेचीं कंपनें सेकंदाला अवघीं ४१ असतात. इतक्या संथ कंपनांनीं हवा हालवावयाची तर तिला ढकलणारा पृष्ठभाग मोठा लागतो. शिवाय माणसाचा कान खालच्या स्वरांना मुळांतच मंद असतो. आवाज वाढवावयाचा म्हणजे वाद्य आणखी मोठें करावयाचें. पण जें वाद्य आधींच मोटारीच्या टपावर बांधून गांवोगांव न्यावें लागे तें आणखी मोठें करणार कसें? एवढा भार वाहून नेल्यावरही सभागृहांत आपला सूर पोंचेल कीं नाहीं याची वादकाला खात्री नसे. ही अडचण दूर करण्याचें काम चुंबक, तांब्याची तार, डाख आणि सरतेशेवटीं नऊ व्होल्टची एक लहानशी बॅटरी यांनीं केलें. त्याचाच हा इतिहास आहे.

या इतिहासाचें मूळ १८३१ सालच्या लंडनमध्यें आहे. त्या वर्षीं मायकेल फॅरडे यांनीं दाखवून दिलें कीं, तारेच्या वेटोळ्याजवळील चुंबकीय क्षेत्र बदललें म्हणजे त्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. या शोधांतून वीज निर्माण करणारीं प्रचंड यंत्रें जन्मास आलीं. वाद्यांशीं मात्र त्याचा संबंध जोडण्यास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं. लॉस एंजेलिस येथील गिटारवादक जॉर्ज बीचम यांनीं १९३१ सालीं मांडीवर आडवी ठेवून वाजवावयाच्या हवाईयन गिटारचा एक नमुना सिद्ध केला. तो दिसावयास लांब दांड्याच्या तव्यासारखा होता आणि पुढें त्याच नांवानें प्रसिद्धीस आला. अ‍ॅडॉल्फ रिकेनबॅकर यांच्या साहाय्यानें १९३२ पासून हें वाद्य अ‍ॅल्युमिनियमचें ओतून विक्रीस आलें, आणि १९३७ च्या ऑगस्टांत बीचम यांना त्याचें पेटंट मिळालें.

त्यांतील युक्ति अशी. चुंबकाजवळ बारीक तांब्याच्या तारेचें वेटोळें ठेवावयाचें आणि त्यावरून पोलादी तारा न्यावयाच्या. पोलादी तार छेडली म्हणजे ती चुंबकाच्या क्षेत्रांत हालते. तिच्या प्रत्येक आंदोलनाबरोबर तें क्षेत्र बदलतें, आणि वेटोळ्यांत त्याच आंदोलनाच्या ठेक्यानें एक क्षीण विद्युत्प्रवाह वाहूं लागतो. हा प्रवाह व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकांतून नेला म्हणजे कर्ण्यांतून तारेचा सूर ऐकूं येतो. या साधनास 'पिकअप' म्हणतात. येथें एक गोष्ट लक्षांत ठेवली पाहिजे. मायक्रोफोन हवेंतील ध्वनि टिपतो. पिकअपला हवेशीं कर्तव्य नसतें, तो तारेची हालचालच टिपतो. म्हणून लाकडाचा मोठा पोकळ भोपळा आतां अनावश्यक झाला. भरीव फळीवर तारा ताणल्या तरी चालणार होतें. खर्जाच्या वाद्याला हत्तीएवढें अंग असलेंच पाहिजे हा जुना नियम अशा रीतीनें मोडला.

हें प्रथम ज्यांच्या ध्यानांत आलें त्यांत सिअ‍ॅटल येथील पॉल टटमार्क यांचें नांव घ्यावें लागतें. १९३० नंतरच्या दशकांत त्यांनीं 'ऑडिओव्हॉक्स' या नांवानें भरीव लाकडाचा, पडदे बसविलेला आणि गिटारप्रमाणें आडवा धरून वाजवावयाचा विजेचा बास विक्रीस काढला. परंतु त्याचा प्रसार झाला नाहीं. कल्पना बरोबर असूनही काळ अनुकूल नसला म्हणजे जें होतें तेंच या वाद्याचें झालें. बहुतेकांनीं त्याचें नांवही ऐकलें नाहीं.

पुढचें पाऊल ज्यानें टाकलें त्याला गिटार वाजवितां येत नव्हती. क्लॅरेन्स लिओ फेंडर यांचा जन्म १९०९ सालीं कॅलिफोर्नियांत झाला. १९३८ सालीं त्यांनीं फुलर्टन या गांवीं रेडिओदुरुस्तीचें दुकान थाटलें. वादक मंडळी आपले बिघडलेले ध्वनिवर्धक तेथें घेऊन येत. दुरुस्त करतां करतां फेंडर त्यांच्या तक्रारी ऐकत, आणि त्या तक्रारींतूनच त्यांना कामाची दिशा सांपडत असे. भरीव लाकडाची विजेची गिटार १९५० सालीं बाजारांत आणल्यावर त्यांनीं बासकडे लक्ष वळविलें, आणि १९५१ सालीं 'प्रिसिजन बास' तयार झाला. डबल बासच्या लांबलचक मानेवर स्वरांचे पडदे नसतात. बोट केसभर इकडेतिकडे पडलें तर सूर बिघडतो. फेंडर यांनीं पडदे बसवून तो धोका टाळला. 'प्रिसिजन' म्हणजे बिनचूक हें नांव त्यावरूनच पडलें. कंप पावणाऱ्या तारेची लांबी त्यांनीं ३४ इंच ठेवली, आणि हेंच माप पुढें सर्वत्र रूढ झालें.

या पहिल्या बासची आंतील जोडणी एखाद्या विद्यार्थ्यालाही समजेल इतकी साधी होती. एक वेटोळें, आवाज कमीजास्त करण्याचा एक कान, स्वराचा रंग बदलण्याचा दुसरा कान, त्या कानाला जोडलेला एक कंडेन्सर आणि केबल खुपसण्याचें एक भोंक, इतकाच त्याचा प्रपंच. वीज बाहेरून यावयाची नाहीं. तारेच्या हालण्यानें जी निर्माण होईल तेवढीच. अशा जोडणीला आज वादक 'पॅसिव्ह' म्हणतात.

१९५२ सालीं लायोनेल हॅम्पटन यांच्या प्रसिद्ध वाद्यवृंदांत रॉय जॉन्सन हा वादक हें नवें वाद्य वाजवूं लागला. संगीतसमीक्षक लेनर्ड फेदर यांनीं त्यावर 'डाऊन बीट' या नियतकालिकांत लिहिलें. बासवादक रंगमंचावर दिसत नाहीं, तरी बास मात्र स्पष्ट ऐकूं येतो, या चमत्कारानें ते चकित झाले होते. उंच वाद्य शोधणाऱ्या डोळ्यांना गळ्यांत गिटार अडकवून उभा असलेला माणूस बासवादक वाटलाच नाहीं! जॉन्सन यांच्यानंतर मंक माँटगोमेरी यांच्या हातीं हें वाद्य देण्यांत आलें. ते जुन्या डबल बासवर वाढलेले. आरंभीं त्यांचें मन घेईना. पण पुढें याच वाद्यानें त्यांचें नांव केलें.

त्यांचा हा संकोच समजण्यासारखा होता. ज्यांनीं डबल बासवर हयात घालविली त्यांच्यापुढें आतां पेंच पडला होता. नवें वाद्य पडद्यांचें असल्यामुळें गिटारवादकालाही तें थोड्या सरावानें वाजवितां येई. म्हणजे पोटावर पाय येण्याचा प्रसंग. १९६३ सालीं लॉस एंजेलिस येथें एका ध्वनिमुद्रणास बासवादक आला नाहीं, तेव्हां कॅरल के या गिटारवादक बाईंनीं फेंडर बास हातीं घेतला, आणि त्यापुढें शेंकडों ध्वनिमुद्रणांत त्यांचाच बास ऐकूं आला. उलट डेट्रॉइट येथील मोटाऊन कंपनीचे जेम्स जेमरसन हे मूळचे डबल बासवादक. त्यांनीं नवें वाद्य आपलेंसें केलें आणि १९६२ सालच्या एका प्रिसिजन बासवर लोकप्रिय संगीताच्या खर्जाला एक नवीच चाल दिली. म्हणजे ज्यानें वाद्य बदललें तो तरला असें म्हणावें, तर बदलणारा जुन्याच विद्येच्या बळावर तरला हेंही म्हणावें लागतें.

परंतु वाचा फुटली तशी तिच्याबरोबर एक व्याधिही आली. तारेचें वेटोळें हें चुंबकीय क्षेत्रांतील बदल टिपतें. तो बदल पोलादी तारेनें केला कीं शेजारच्या दिव्याच्या तारेनें, हें त्याला कळत नाहीं. घरांत खेळणारी वीज अमेरिकेंत सेकंदाला ६० वेळां आणि आपल्या देशांत ५० वेळां आंदोलन पावते. तिची घुंई वेटोळ्यांत शिरते आणि खर्जाच्या स्वरांजवळच कानाला जाणवते. यावरचा उतारा गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनीं गिटारसाठीं १९५५ सालीं योजिला. दोन वेटोळीं घ्यावयाचीं, दुसऱ्याचे वेढे व चुंबकाचीं टोकें दोन्ही उलट ठेवावयाचीं. असें केलें म्हणजे तारेपासून आलेली वीज दोन्ही वेटोळ्यांत एकाच दिशेची असल्यामुळें मिळते, आणि बाहेरून आलेली घुंई परस्परविरुद्ध दिशांची असल्यामुळें वजा होते. फेंडर यांनीं १९५७ सालीं प्रिसिजन बासचा पिकअप दुभागला. दोन तारांना एक वेटोळें, उरलेल्या दोन तारांना दुसरें, अशी विभागणी करून तोच परिणाम साधला. १९६० सालीं त्यांचा 'जॅझ बास' आला. त्यांत मानेजवळ एक आणि घोडीजवळ एक असे दोन पिकअप होते. मानेजवळ तारेचें आंदोलन मोठें, म्हणून तेथला सूर भरदार. घोडीजवळ तें लहान, म्हणून तेथला सूर आटोपशीर व रेखीव. दोन्ही सारख्या प्रमाणांत मिसळले म्हणजे घुंईही मिटे.

येथवर सर्व ठीक झालें. तरी एक गळती राहिलीच होती, आणि ती डोळ्यांना दिसणारी नसल्यामुळें पुष्कळ वर्षें कोणी मनावर घेतली नाहीं. पिकअपची वीज अगोदरच दुबळी. ती वाढविण्यासाठीं केसाएवढ्या बारीक तारेचे हजारों वेढे द्यावे लागतात. पण वेढे वाढले कीं वेटोळ्याचा स्वतःचा अवरोधही वाढतो. अशा वेटोळ्याला पांचसहा मीटरची केबल जोडली म्हणजे केबलच्या पोटांतील तार आणि तिच्याभोंवतींचें जाळीदार वेष्टन मिळून एक कंडेन्सरच बनतो, आणि सुरांतील उंच कंपनें त्या वाटेनें मुरून जातात. मातीच्या पाटानें पाणी नेतांना शेवटच्या वाफ्याला कमीच पाणी मिळतें, तसाच हा प्रकार. आवाजाचा कान थोडा उतरवावा तर सुराची धारही त्याबरोबर बोथट होते. दुसरा पिकअप जोडावा तर एकाचा भार दुसऱ्यावर पडतो. स्वराचा रंग बदलण्याचा कानही केवळ वजाबाकी करणारा असतो. त्यानें उंच कंपनें कमी करतां येतात, पण जें वेटोळ्यांतून आलेंच नाहीं तें वाढवितां येत नाहीं.

यावर उपाय सांगावयास सोपा होता. वीज दुबळी होण्यापूर्वींच, म्हणजे वाद्याच्या पोटांतच, तिला बळ द्यावयाचें. परंतु व्हॉल्व्हच्या काळीं हें अशक्यप्राय होतें. व्हॉल्व्ह तापतो, त्याला मोठा दाब लागतो, आणि तो कांचेचा असतो. १९४७ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनीं ट्रान्झिस्टर सिद्ध केला, आणि ही वाट मोकळी झाली. ट्रान्झिस्टर बोटाच्या पेऱ्याहून लहान, आणि त्याला नऊ व्होल्टची बॅटरी पुरते. त्यांतही पुढें निघालेल्या 'फील्ड इफेक्ट' जातीच्या ट्रान्झिस्टरचा एक मोठा गुण असा कीं, तो वेटोळ्याकडून जवळजवळ कांहींच वीज मागत नाहीं. आलेल्या सुराची फक्त नक्कल करतो आणि ती बळकट करून पुढें पाठवितो. मग केबल लांब असली तरी बिघडत नाहीं. वाद्याच्या पोटांत बसविलेल्या या लहान वर्धकाला 'प्रीअँप' आणि अशा जोडणीला 'अ‍ॅक्टिव्ह' म्हणतात.

बासमध्यें हा विचार तडीस नेला तो उत्तर कॅलिफोर्नियांतील 'अलेंबिक' या मंडळीनें. ग्रेटफुल डेड या वाद्यवृंदाच्या परिवारांतून १९६९ सालीं ही संस्था निघाली. अलेंबिक म्हणजे अर्क काढण्याचें पात्र. ध्वनिमुद्रणयंत्रांच्या अँपेक्स कंपनींत पूर्वीं काम केलेले रॉन विकरशॅम हे तिचे विद्युत्तज्ज्ञ, आणि रिक टर्नर हे वाद्यें घडविणारे कारागीर. विकरशॅम यांनीं प्रश्न उलट्या बाजूनें सोडविला. वेढे कमी ठेवावे. त्यामुळें सूर स्वच्छ येईल, मात्र आवाज लहान होईल. तो लहान आवाज वाद्यांतल्याच वर्धकानें मोठा करावा. गिब्सन कंपनीनें १९६९ सालीं लेस पॉल यांच्या नांवाच्या बासमध्यें कमी अवरोधाचे पिकअप वापरले होते. अलेंबिकनें त्या तत्त्वाला बॅटरीची जोड दिली. जेफरसन एअरप्लेन या वाद्यवृंदाचे जॅक कॅसडी यांच्यासाठीं घडविलेला बास १९७२ च्या सुमारास पुरा झाला, आणि पुढें स्टॅन्ले क्लार्क यांच्या हातांत अलेंबिकचें वाद्य जगानें ऐकलें. पण ही वाद्यें एकेक करून घडविलेलीं व अतिशय महाग. सामान्य वादकाला तीं दुकानाच्या कांचेंतूनच पाहावीं लागत.

तीं सामान्य वादकाच्या आटोक्यांत आणण्याचें काम पुन्हां त्याच जुन्या रेडिओदुरुस्त्याच्या वाट्यास यावें हा या इतिहासांतील विलक्षण योग आहे. लिओ फेंडर यांना दीर्घकाळ एका जंतुविकारानें पछाडलें होतें. आपण फार दिवस काढीत नाहीं अशा समजुतीनें त्यांनीं १९६५ च्या जानेवारींत आपला सर्व कारखाना सीबीएस या कंपनीस एक कोट तीस लक्ष डॉलरांस विकून टाकला. पुढें योग्य उपचार मिळून ते बरे झाले! पण आतां कारखाना परक्याचा, त्यावरचें नांवही परक्याचें. आणि दहा वर्षें स्पर्धेंत न उतरण्याचा करार. ती मुदत सरल्यावर, १९७५ सालीं, पूर्वीचे सहकारी फॉरेस्ट व्हाइट आणि टॉम वॉकर यांनीं काढलेल्या 'म्यूझिक मॅन' या कंपनीचे ते अध्यक्ष झाले. त्या वेळीं त्यांचें वय ६५ वर्षांच्या वर होतें. बहुतेक माणसें ज्या वयांत आपल्या जुन्या कृतींच्या आठवणी सांगत बसतात, त्या वयांत फेंडर आपल्याच जुन्या कृतींतील उणीव भरून काढावयास बसले.

१९७६ सालीं त्यांचा 'स्टिंगरे' बास बाहेर पडला. घोडीच्या बाजूला दोन वेटोळ्यांचा एकच मोठा पिकअप, आणि त्याच्यामागें बॅटरीवर चालणारा प्रीअँप. या वर्धकाच्या रचनेचें श्रेय टॉम वॉकर यांना दिलें जातें. कान तीन होते. एक आवाजाचा, एक उंच स्वरांचा, एक खालच्या स्वरांचा. जुन्या वाद्यांतील कान जें आहे तेंच कमी करीत. हे कान वाढवूंही शकत. खर्ज किती भरावा हें आतां मागें ठेवलेल्या ध्वनिवर्धकाकडे न जातां वादकाला आपल्या बोटांशीं ठरवितां येऊं लागलें. या वर्धकाच्या पट्टीवर राळेसारखा कठीण लेप ओतलेला असे. दुसऱ्यानें नक्कल करूं नये हा त्यांतला हेतु. लुई जॉन्सन आणि शीक या वाद्यवृंदाचे बर्नार्ड एडवर्ड्स यांनीं याच वाद्यावर त्या दशकाचें नृत्यसंगीत दुमदुमविलें. त्याच १९७६ सालीं कॅलिफोर्नियांतच रॉब टर्नर यांनीं पुढें 'ईएमजी' या नांवानें प्रसिद्ध झालेला उद्योग सुरू केला, आणि वर्धक थेट पिकअपच्या डबींतच बसविला.

ज्यांच्याजवळ आधींच जुनें वाद्य होतें त्यांनीं काय करावें? न्यूयॉर्कमध्यें रॉजर सॅडॉवस्की या कारागिरानें १९७९ सालीं आपली कर्मशाळा काढली आणि ध्वनिमुद्रणगृहांत काम करणाऱ्या वादकांच्या जुन्या बासांत प्रीअँप बसविण्याचा प्रघात पाडला. मार्कस मिलर यांच्या १९७७ सालच्या जॅझ बासमध्यें त्यांनीं असाच वर्धक बसविला, आणि त्या वाद्याचा आवाज पुढें एका पिढीचा आदर्श ठरला.

हें काम नाजूक असलें तरी गूढ नाहीं. प्रथम वाद्याच्या पोटांतील पोकळीला तांब्याचा पत्रा आंतून चिकटवून तो अर्थच्या तारेस जोडावयाचा, म्हणजे बाहेरची घुंई आंत शिरत नाहीं. घोडीपासूनही एक तार अर्थला न्यावयाची. मग पिकअपच्या तारा मिश्रणाच्या कानाकडे, तेथून प्रीअँपकडे, आणि प्रीअँपकडून केबलच्या भोंकाकडे. दोन पिकअपपैकीं एकाच्या तारांची अदलाबदल झाली तर दोघे परस्परांना मारक होतात आणि नेमका खर्जच नाहींसा होतो. सर्व डाख चांगले बसले असूनही सूर पोकळ कां, म्हणून नवशिका कारागीर डोकें धरून बसतो तो बहुधा याच चुकीमुळें. बॅटरीची जोडणी तर मोठ्या चातुर्याची आहे. तिची लाल तार वर्धकाला जाते. काळी तार केबलच्या भोंकांतील एका जादा पाकळीला जोडतात. केबलचें टोंक आंत सरकलें कीं त्याची धातूची मान त्या पाकळीला अर्थशीं जोडते आणि वीज सुरू होते. टोंक बाहेर काढलें कीं बंद. निराळा खटका लागत नाहीं. वादकानें केबल काढण्याची आठवण ठेवली तर एक बॅटरी शेंकडों तास पुरते. वाजवून झाल्यावर केबल तशीच ठेवून देण्याची खोड लागली तर ऐन कार्यक्रमांत सूर चिरकूं लागतो आणि थोड्याच वेळांत वाद्य मुकें होतें.

याच भयामुळें, आणि त्याहून खोल अशा एका कारणामुळें, सगळ्यांनीं बॅटरी स्वीकारली नाहीं. जेमरसन १९८३ सालीं वारले. त्यांची ख्याति साध्या जोडणीच्या प्रिसिजन बासवरच उभी आहे. ज्या १९७६ सालीं स्टिंगरे बाहेर पडला त्याच सालीं फ्लोरिडांतून आलेल्या जॅको पास्टोरियस यांची पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका निघाली. त्यांचें वाद्य १९६२ सालचा जॅझ बास, पडदे काढून टाकलेला, बॅटरीचा स्पर्शही नसलेला. त्या जुन्या तारांतून त्यांनीं जो गाता सूर काढला त्यानें बासकडे पाहण्याची जगाची दृष्टिच बदलली. अशा वादकांचें म्हणणें असें कीं, ज्याला गळती म्हणतात तोच या वाद्याचा गोडवा आहे. केबलनें धार मारली म्हणूनच सुराला मऊपणा आला. या म्हणण्यांत तथ्य आहे. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारीचा दोरा किंचित् सरकवून आपल्या आवाजाला मानवेल असा झंकार गवई शोधतो. तो झंकार मोजपट्टीनें ठरत नाहीं. वाद शमविण्यासाठीं पुष्कळ कारागीर एक लहानसा खटका बसवितात. त्यानें वर्धक बाजूला टाकून जुन्या वाटेनें वाजवितां येतें, आणि बॅटरी संपली तरी मैफल अडत नाहीं.

मुंबईच्या चित्रपटसंगीतांतही हें वाद्य १९६० नंतर रुळलें. पाश्चात्य स्वरलिपि वाचणाऱ्या गोमंतकीय वादकांची मोठी परंपरा तेथें अगोदरपासूनच होती. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदांतील टोनी वाझ यांचा बास लाखो घरांतील रेडिओवर ऐकला गेला. ज्यांना तीं गाणीं मुखोद्गत आहेत त्यांपैकीं फारच थोड्यांना हें नांव ठाऊक असेल. खर्ज वाजविणाऱ्याची ही जुनीच दैना आहे, आणि ती कोणत्याही बॅटरीनें दूर झालेली नाहीं.

लिओ फेंडर २१ मार्च १९९१ रोजीं वयाच्या ८१ व्या वर्षीं निधन पावले. अखेरपर्यंत ते आपल्या कर्मशाळेंत जात आणि पिकअपच्या नवनव्या जोडण्या करून पाहत. ज्यांनीं स्वतः कधीं मैफल गाजविली नाहीं त्यांनीं दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकून एकदां वाद्य निर्माण केलें, आणि पंचवीस वर्षांनीं पुन्हां ऐकून त्यांतच सुधारणा केली. साधी जोडणी आणि बॅटरीची जोडणी या दोन्ही आज शेजारीं शेजारीं नांदत आहेत, आणि दोन्हींच्या मुळाशीं हीच ऐकण्याची संवय आहे. मोटारीच्या टपावर वाद्य बांधून निघालेल्या त्या जुन्या वादकाला शास्त्राचें कौतुक नको होतें. आपला सूर शेवटच्या रांगेपर्यंत पोंचावा एवढेंच त्याचें मागणें होतें.